फायबर पंचायतीत, शाळा गुरुजींच्या हॉटस्पॉटवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे भारतनेटच्या, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबल नेणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, ब्रॉडबँडने जोडू, अशी घोषणा १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. घोषणा चांगलीच आहे. पण महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात जाऊन ‘सरकारी माध्यमिक शाळा’ मोजायला बसलात, तर एका हाताची बोटेही पुरून उरतील. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिली ते चौथी, फार तर सातवी-आठवी. नववी-दहावीला पोरे जातात ती खाजगी संस्थेच्या अनुदानित विद्यालयात. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या वारशामुळे मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला बऱ्यापैकी आहेत, आदिवासी पट्ट्यात शासकीय आश्रमशाळा आहेत. एवढे वगळले तर पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात किंवा खानदेशात सरकारी हायस्कूल शोधत फिरावे लागते. राजस्थान, मध्य प्रदेशात सरकारी हायस्कुले गावोगाव असल्याने तिथे ही घोषणा जशीच्या तशी लागू पडते. आपल्याकडे तिचा लाभ शब्दशः द्यायचा म्हटला, तर ग्रामीण मुलांपैकी बरीच मोठी संख्या यादीबाहेरच राहील.

म्हणून राज्य सरकारने केंद्राकडे आताच लेखी मागणी करावी की महाराष्ट्रापुरते या यादीत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि अनुदानित माध्यमिक विद्यालये धरावीत. पाठ्यपुस्तकातल्या ज्या क्यूआर कोडचे आज देशभर कौतुक होते, ती कल्पना रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत राबवली आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. त्याच प्रकारची शाळा ब्रॉडबँडच्या यादीत बसू नये, हे काही बरे दिसत नाही.

आम्ही दोघे निवृत्त आहोत. एकाची नोकरी केबल जोडण्यात गेली, दुसऱ्याची शाळा तपासण्यात. यादीत नाव आल्यानंतर पुढे काय होते, त्यावर चर्चा फार कमी होते म्हणून हे पत्र जरा लांबलेच आहे.

आधी आकड्यांबद्दल. देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालात देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट असल्याची नोंद आहे. त्याआधीच्या वर्षी हे प्रमाण ५३.९ टक्के होते. वाढ झाली यात शंका नाही. पण वर्षभरात शाळेच्या वेळेत नेट किती दिवस चालू होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. केंद्रीय दूरसंचार खात्याच्या व्याख्येनुसार आता किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणता येते, २०२३ च्या जानेवारीपर्यंत तर ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत. भिंतीवर नेटची डबी (मोडेम) बसवली, फोटो काढला, तक्त्यात ‘होय’ भरले की कनेक्शन मोजले जाते. ती डबी जुलैत बंद पडली आणि दिवाळीपर्यंत बंदच राहिली, तरी तक्त्यातला ‘होय’ पुसायला कोणी येत नाही.

डबी बंद का पडते, ते नीट समजून घ्यायला हवे. नाहीतर दोष नेहमी ‘खेड्यात नेट चालतच नाही’ या एका वाक्यावर ढकलून सगळे मोकळे होतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. २०१५ मध्ये त्याचे नाव भारतनेट झाले आणि डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाखाहून जास्त ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्या टप्प्यात खर्च वाचवण्यासाठी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून वाटेतल्या एखाद्या जॉइंटपर्यंत बीएसएनएलची आधीचीच केबल वापरली आणि तिथून पंचायतीपर्यंत नवी टाकली. रचना सरळ रेषेतली. म्हणजे वाटेत एका ठिकाणी केबल तुटली की पुढची सगळी गावे एकदम बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात हीच चूक दुरुस्त करून वर्तुळाकार म्हणजे रिंग पद्धतीची रचना आणायची आहे. एका बाजूने तुटली तर सिग्नल दुसऱ्या बाजूने येतो. तो बदल सगळीकडे पोचेपर्यंत मात्र जुनी सरळ रेषच गळ्यात आहे.

आता तुटण्याचे गणित. एक्स्चेंजमधल्या ओएलटी यंत्रातून निघालेल्या प्रकाशाला पंचायतीतल्या ओएनटी डबीपर्यंत जाताना साधारण २८ डेसिबलपर्यंतची घट परवडते. ही त्याची पुंजी समजा. दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल खर्च होतात, म्हणजे २० किलोमीटरला ७. एका तंतूवरून आठ जागी सिग्नल वाटणारा स्प्लिटर साडेदहाच्या आसपास खातो. उरले साडेदहा. वर्कशॉपमध्ये निवांत केलेला स्प्लाइस, म्हणजे तंतूंची टोके वितळवून केलेला जॉइंट, ०.१ डेसिबलही खात नाही. पण जून महिन्यात, रस्त्याच्या कडेला, जीपच्या बोनेटवर मशीन ठेवून चिखलाच्या हाताने केलेला जॉइंट अर्धा डेसिबल सहज खातो. जेसीबीने केबल तोडली की नुसती टोके जुळत नाहीत, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे दर तुटण्याला दोन जॉइंट. दहा वेळा तुटली की वीस जॉइंट, दहा डेसिबल, आणि पुंजी जवळजवळ संपली. त्यानंतर लाइन ‘जोडलेली’ असते, पण कधी चालते, कधी नाही. पावसाळ्यात जॉइंटच्या पेटीत पाणी शिरले की तेवढीही चालत नाही. लोक म्हणतात, सकाळी होते, दुपारी गेले. ते खोटे नसते.

तोडणारेही सरकारचेच. रस्ता रुंदीकरण, जलजीवन मिशनच्या पाइपलाइनचे चर, गटाराचे काम. फायबर १.६५ मीटर खोल गाडायचा नियम आहे, पण आपल्या काळ्या पाषाणात ठेकेदार दीड-दोन फुटांवरच थांबतो आणि वर माती लोटतो. खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळवता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले आहे. पंचायतीने गावातल्या प्रत्येक खोदकामाच्या ना-हरकत दाखल्यात त्यावर नोंद करण्याची अट घातली, तर निम्मी भांडणे मिटतील. अट घालायला पैसा लागत नाही.

मुख्याध्यापकांनी डबीवरचे दिवे वाचायला शिकावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. पॉवरचा दिवाच लागला नसेल तर आधी ॲडॉप्टर बघा. खेड्यात सगळ्यात जास्त जळते ते हेच. बदलताना जुन्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले असेल तर १ अँपिअरचा लावू नका, डबी चालू होईल आणि जरा भार आला की पुन्हा-पुन्हा रीस्टार्ट होईल. ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर प्रकाश येतच नाही, म्हणजे फायबर तुटले आहे किंवा डबीच्या मागे पिन निसटली आहे. पिन हिरवी असेल तर तिची जोड हिरव्याशीच लावायची. हिरवी पिन निळ्या जोडात घातली की बसल्यासारखी वाटते आणि सिग्नल गळतो. ‘पॉन’चा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो आहे, पण एक्स्चेंजच्या यंत्राने डबीला ओळखलेले नाही किंवा सिग्नल फारच क्षीण आहे. आणि ‘पॉन’ स्थिर असून नेट नसेल तर बहुधा बिल थकलेले असते किंवा राउटरमधली सेटिंग पुसली गेलेली असते. फायबरच्या उघड्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. एवढे पाहून मग तक्रार नोंदवावी आणि डॉकेट (तक्रारीचा) क्रमांक, तारीख, दिव्यांची स्थिती शाळेच्या एका वहीत लिहावी. ‘नेट बंद आहे’ या तक्रारीवर लाइनमन त्याच्या सोयीने येतो. ‘लॉस लाल, ॲडॉप्टर तपासला, पिन घट्ट आहे’ असे लिहिले तर तो मशीन घेऊनच येतो आणि एक फेरी वाचते.

हे सगळे पंचायतीच्या भिंतीपर्यंत. शाळा तिथून पुढे असते, कधी दोनशे मीटर, कधी वाडी-वस्तीवर दोन किलोमीटर. या शेवटच्या तुकड्याची जबाबदारी कोणावरच नीट पडलेली नाही. दूरसंचार खाते म्हणते आमचे काम पंचायतीत संपले, शिक्षण खाते म्हणते पंचायतीने द्यावे, पंचायत म्हणते निधी नाही. शिवाय बऱ्याच पंचायतींत संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढतात, त्याबरोबर डबीही झोपते. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावे असतात. तो आला नाही, कार्यालय उघडले नाही, की शाळेचे नेट बंद. फायबरची डबी मेन स्विचच्या आधी वेगळ्या एमसीबीवर (छोट्या ब्रेकर-स्विचवर) घ्यावी, हे वायरमनचे अर्ध्या तासाचे काम आहे.

पंचायत ते शाळा लाइन नेताना हमखास होणारी एक चूक सांगतो. अंतर शंभर मीटरच्या आत आहे म्हणून लॅनची तांब्याची केबल झाडावरून, खांबावरून ओढतात. शंभर मीटरपर्यंत ती चालते हे खरे, पण इमारतीच्या आत. दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावर टांगलेले तांबे वळवाच्या पहिल्या गडगडाटात दोन्ही टोकांची यंत्रे जाळते. वीज प्रत्यक्ष केबलवर पडावीच लागते असे नाही, जवळपास पडली तरी पुरे. म्हणून ऐंशी मीटर असले तरी फायबरची ड्रॉप केबलच टाकावी. काचेतून विजेचा झटका जात नाही. फक्त तिच्यात पोलादी तार नको, एफआरपीची बिनधातूची दांडी असलेली घ्यावी. वळण द्यायचे तिथे कोपऱ्यावर घडी घालू नये, मुठीएवढा गोल ठेवावा. अंतर जास्त असेल आणि मध्ये रस्ता किंवा ओढा आडवा येत असेल, तर ५ गिगाहर्ट्झवर चालणारी वायरलेस जोडी बसवता येते. त्यासाठी परवाना लागत नाही. पण एका छतावरून दुसरे छत डोळ्यांना दिसले पाहिजे. मे महिन्यात निष्पर्ण झाडांमधून दिसणारे छत ऑगस्टमध्ये दिसत नाही, हे बसवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही आणि मग पावसाळ्यात ‘रेंज’ जाते.

विजेबद्दल थोडक्यात. गावठाण फीडरवरची शाळा आणि शेतीपंपाच्या फीडरवरची वस्तीशाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण शेतीच्या फीडरला वीज पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असेल तर शाळेला तिचा काय उपयोग? डबी आणि राउटर मिळून १० ते १५ वॅट घेतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी ८४ वॅट-तास देते, नवी असताना चार-पाच तास धरा. पूर्ण शाळेला इन्व्हर्टर बसवण्याआधी एवढे केले तरी दुपारची खंडित वीज आड येत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतायला शिपाई नसलेल्या शाळेत कोण आठवणीने जाणार, हा प्रश्न आहेच.

बिल कोण भरणार? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारे एकत्रित अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००. त्यातच खडू, रजिस्टर, वीजबिल, स्वच्छता, गळके पत्रे. महिना ५०० रुपयांचे कनेक्शन धरले तर १८ टक्के जीएसटीसह ५९० होतात, वर्षाचे ७,०८०. पट तीसच्या आत असलेल्या शाळेने नेटचे बिल भरले तर वीजबिलाला पैसे उरत नाहीत, आणि वीज तोडली की नेट बंदच. म्हणून डोंगरी भागातल्या लहान शाळा पहिल्या वर्षी कोणाच्या तरी देणगीतून नेट घेतात आणि दुसऱ्या वर्षी सोडून देतात. हा खर्च शाळेच्या अनुदानातून काढून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वित्त आयोगाच्या अबंधित निधीवर घालणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. पंचायत एकाच कनेक्शनचे बिल भरत असेल आणि शाळा त्याच डबीच्या दुसऱ्या पोर्टवर असेल, तर जादा खर्च नगण्य आहे.

इतके सगळे करून नेट शाळेत आले, तर ते कोण वापरते? प्रामाणिकपणे पाहिले तर पहिला मान मुलांचा नसतो, तक्त्यांचा असतो. यूडायस प्लस, सरल (विद्यार्थ्यांची माहिती), शालार्थ (शिक्षकांचे पगार), आपार (विद्यार्थ्यांचा ओळख क्रमांक), पोषण आहारात आज किती जेवले त्याची रोजची नोंद, ऑनलाइन हजेरी. यातले बहुतेक गुरुजी आणि बाई स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर भरतात, रेंजसाठी शाळेच्या मागच्या टेकाडावर जाऊन. माहिती खालून वर जाते, वरून वर्गात फारसे काही येत नाही. शाळेला ब्रॉडबँड दिले तर हे ओझे आधी हलके होईल, हेही चांगलेच. पण तेवढ्यावर समाधान मानले तर आपण शाळेला नव्हे, कार्यालयाला नेट दिले असे होईल.

वर्गात वापरायचे तर वेगाचा हिशेब करावा लागतो. दहा-बारा मिनिटांचा पाठाचा व्हिडिओ मध्यम दर्जाचा असला तरी १०० एमबीच्या घरात जातो. २ एमबीपीएसच्या लाइनवर तो एकदा उतरवायला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतात. तीस टॅबवर तीस मुलांनी एकाच वेळी उघडला तर तीन तास वीस मिनिटे, म्हणजे शाळा सुटेपर्यंत चाक फिरतच राहणार. टॅब वाटण्याच्या योजना इथेच आपटतात. उपाय अवघड नाही. पाठ एकदाच, रात्री किंवा सकाळी शाळा भरण्यापूर्वी उतरवावा आणि शाळेतल्या एका यंत्रावर ठेवावा. मुलांचे टॅब वाय-फायने त्या यंत्राला जोडावेत, बाहेरच्या नेटला नव्हे. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक किंवा एखादा जुना लॅपटॉप यासाठी पुरतो. त्यावर कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की पाठ, सराव आणि कोण कुठवर आले याची नोंद नेटशिवाय चालते. किविक्स या मोफत ॲपवर मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवून ठेवता येतो. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची चित्रपुस्तके मुक्त परवान्याने मिळतात. केंद्राच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमधला मजकूरही फोनवर उतरवून घेता येतो आणि एका फोनवरून दुसऱ्यावर नेटशिवाय देता येतो. बालभारतीच्या पुस्तकातला कोड वर्गात स्कॅन करून चाकाकडे पाहत बसण्यापेक्षा शिक्षकाने तो आदल्या दिवशी घरी स्कॅन करून पाठ उतरवून आणलेला बरा.

इथेही बिघडते काय ते सांगायला हवे. रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड अचानक वीज गेली की खराब होते. दोन-तीनदा तसे झाले की सगळे पुन्हा भरावे लागते आणि तोपर्यंत शिक्षकाचा उत्साह मावळतो. कार्डाऐवजी छोटी एसएसडी (साठवणीची टिकाऊ डिस्क) लावावी, वर सांगितलेल्या बॅटरीवर ते यंत्रही घ्यावे, आणि भरलेल्या मजकुराची एक प्रत केंद्रशाळेत ठेवावी. राउटर मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवू नये. सुरक्षित राहतो खरा, पण वाय-फाय त्या कपाटाबाहेर जेमतेम पडते. घरगुती राउटरवर पंचवीस-तीसच्या वर उपकरणे एकदम जोडली की तो गुदमरतो. आणि राउटरचा आलेला पासवर्ड तसाच ठेवू नये. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ लिहिले तर अश्लील आणि घातक संकेतस्थळे बरीचशी अडतात. आठवीतली पोरे त्यालाही बगल देतात ही गोष्ट वेगळी.

द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक चार किंवा पाच वर्ग सांभाळतात. तिथे प्रत्येक मुलाच्या हातात पडदा देण्याची घाई आम्हाला पटत नाही. एक ४३ इंची टीव्ही, एक चालू कनेक्शन आणि तयारी करून आलेला शिक्षक एवढे पुरते. एका वर्गाला पडद्यावरचा पाठ लावून देता आला तर गुरुजी दुसऱ्या वर्गाला हातचा हिशेब शिकवू शकतात, एवढी मोकळीक हीच त्या शाळेत नेटची खरी कमाई. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेने डिजिटल वर्गाची वाट दाखवली आणि २०१५ नंतरच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या लाटेत गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतले. त्यातले किती आज चालू आहेत ते कोणीतरी मोजावे. प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांनी जातो, नवा दिवा महाग पडतो आणि तेवढे पैसे शाळेच्या कुठल्याच शीर्षात नसतात. उद्घाटनाला वर्गणी मिळते, दिव्याला मिळत नाही.

घरातल्या फोनने हे सगळे भागेल असे म्हणणारे बरेच आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या असर या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९. घरात एकच फोन असतो, तो बापाबरोबर शेतात किंवा भावाच्या खिशात. मुलीच्या वाट्याला तो येतो रात्री, चार्जिंग संपत आल्यावर. शाळेतले किंवा पंचायतीच्या अभ्यासिकेतले नेट तिच्यासाठी चैनीची गोष्ट नाही. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि वेळापत्रक पुढे सरकले. शहरातला मुलगा दर दोन तासांनी पान ताजे करून पाहतो. खेड्यातल्या मुलीला तेवढ्यासाठी सेवा केंद्रात पुन्हा जावे लागते, पुन्हा पैसे मोजावे लागतात. पुढे महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीची प्रवेश परीक्षा, सगळे त्याच वाटेने. म्हणून हायस्कूलच्या गावात एक खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी, दिवा आणि नेट चालू, आणि मुली बसतील अशी व्यवस्था, एवढे तरी पंचायतीने करावे.

आणि जिथे फायबरच जाणार नाही तिथे? धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट, भामरागडच्या कितीतरी पाड्यांवर अजून मोबाइलचीही रेंज धड नाही. जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, पण डोंगरातल्या एका टॉवरवर आसपासचे सगळे पाडे लटकतात आणि संध्याकाळी वेग रांगतो. तिथे वर सांगितलेला ऑफलाइन पेटारा (पाठ भरून ठेवलेले यंत्र) हाच मुख्य मार्ग मानावा, दुय्यम नव्हे. महिन्यातून एकदा केंद्रप्रमुखांनी एसएसडी बदलून न्यावी. टीव्हीही विसरू नये. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका पहिली ते आठवीच्या मुलांपर्यंत नेटशिवाय पोचली होती, कारण प्रक्षेपणाला किती मुले पाहतात याने फरक पडत नाही. शाळा उघडल्या आणि आपण ती वाट सोडून दिली, हे काही शहाणपणाचे झाले नाही.

शासनाकडे मागणी दोनच गोष्टींची. वर म्हटल्याप्रमाणे यादीत महाराष्ट्राच्या शाळांची खरी रचना धरावी, आणि यूडायसच्या तक्त्यात ‘इंटरनेट आहे का’ याच्या खाली आणखी एक रकाना घालावा: मागील शंभर शाळा-दिवसांपैकी शाळेच्या वेळेत किती दिवस चालू होते. हा आकडा शिक्षकाने भरायचाही नाही, एक्स्चेंजमधल्या यंत्रात प्रत्येक डबी कधी चालू, कधी बंद याची नोंद आपोआप असते, ती तिथूनच घ्यावी. ठेकेदाराचे देखभालीचे बिलही त्याच आकड्यावर द्यावे.

बाकी काम ग्रामसभेचे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी सभा पुढची असेल तिच्या विषयपत्रिकेवर शाळेचे ब्रॉडबँड हा विषय शाळा व्यवस्थापन समितीने आठ दिवस आधी लेखी देऊन घालून घ्यावा. ठरावात डबी कोणत्या एमसीबीवर, पंचायत ते शाळा किती मीटर फायबर, दरमहा किती रुपये आणि कोणत्या निधीतून, बंद पडल्यास तक्रार कोणी आणि किती तासांत नोंदवायची, हे पदनामासह लिहावे. नुसते ‘शाळेस इंटरनेट सुविधा पुरविणे’ एवढेच लिहिले तर एकदा खरेदी होते, मापन पुस्तिकेत नोंद होते आणि चौथ्या महिन्याचे बिल भरायची वेळ आली की सरपंच मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतात, मुख्याध्यापक सरपंचांकडे.

आपले,
एक निवृत्त कनिष्ठ दूरसंचार अभियंता व एक निवृत्त केंद्रप्रमुख
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)